तांबडी रेघ

पूर्वी विद्यार्थ्याची निबंधाची वही गुरुजींकडे जाई आणि परत येई ती तांबड्या शाईच्या खुणा अंगावर घेऊनच. कोठे ऱ्हस्वाचा दीर्घ केलेला असे, कोठे अनुस्वार दिलेला असे, तर कोठे एखादा शब्दच खोडून त्याच्या जागी दुसरा लिहिलेला असे. त्या खुणांची मुलांना धास्ती वाटे. परंतु त्यांच्यामागे भाषा जाणणारा आणि मुलांचे हित पाहणारा एक माणूस उभा असे.

आज पुष्कळसे लेखन संगणकावर अथवा मोबाइलवर होते. अर्ज, पत्रे, निबंध, निरोप हे सारे लोक ब्राउझर उघडून त्यातील कोऱ्या चौकटीत लिहितात. लिहिता लिहिता एखाद्या शब्दाखाली नागमोडी तांबडी रेघ आपोआप उमटते. गुरुजी तेथे नसतात, शाईही नसते. तरीही वहीवरच्या खुणेप्रमाणेच ही रेघ लिहिणाऱ्याला मध्येच थांबविते. ती कोण ओढते? त्या ओढणाऱ्याला मराठी येते काय? त्याचे म्हणणे नेहमीच खरे मानावे काय? आणि त्याची लुडबुड नको असेल तेव्हा त्याला गप्प कसे करावे? या प्रश्नांची उत्तरे आज लिहिणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असली पाहिजेत.

प्रथम शुद्ध लिहिण्याची एवढी काळजी का घ्यावी, ते पाहू. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'पाणी' आपण पितो. 'पाणि' म्हणजे मात्र हात. 'आचार्यांना वंदन केले' या वाक्यात वंदन गुरूंना होते. 'आचाऱ्यांना वंदन केले' असे लिहिताच ते स्वयंपाक्यांना होते. सातमाळ्याच्या डोंगरात 'दऱ्या' आहेत; 'दर्या' मात्र तेथून दूर, कोकणच्या किनाऱ्यावर आहे. एका वेलांटीने वा एका रफाराने असा अर्थाचा अनर्थ होतो. बोलताना श्रोता समोर असतो. तो लगेच विचारून खुलासा करून घेऊ शकतो. लिहिलेला मजकूर वाचला जातो तेव्हा लेखक जवळ नसतो. त्याच्या वतीने त्याची अक्षरेच बोलतात. म्हणून ती सर्वांना एकसारखी कळतील अशी असावी लागतात.

परंतु सर्वांनी एकसारखे लिहावे ही कल्पना काही फार जुनी नाही. चाळीसगावापासून सुमारे अठरा किलोमीटरांवर पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील पाटण गावी एक प्रसिद्ध शिलालेख सापडला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापन केला. त्या मठास मिळालेल्या दानांची नोंद या लेखात आहे. लेख शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा मोठा भाग संस्कृतात असून अखेरचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. संस्कृत लिहिणाऱ्याला त्या काळी पाणिनीच्या व्याकरणाचा आधार होता. मराठी लिहिणाऱ्याला मात्र तसा कोणताच सर्वमान्य आधार नव्हता. कानाला जसे ऐकू येईल आणि हाताला जसे वळण असेल तसे तो लिही. पुढे मोडी लिपीत दफ्तरे भरू लागली, तेव्हाही इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नसे. वाचणारा संदर्भावरून अर्थ लावी आणि काम भागे.

छापखाने आल्यावर स्थिती पालटली. एकच पुस्तक हजारो हातांत जाऊ लागले. एका पुस्तकात एक रूप आणि दुसऱ्यात दुसरे, अशी अवस्था शाळांना चालण्यासारखी नव्हती. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. कोश आणि व्याकरण ही भाषेची दोन मोठी साधने अशा रीतीने मराठी माणसाच्या हाती आली. तरीही लेखनाच्या नियमांविषयी विद्वानांत वाद चालूच राहिले. अखेर मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम ठरविले व महाराष्ट्र शासनाने ते १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. आज शाळांत शिकविले जाणारे शुद्धलेखन मुख्यतः या अठरा नियमांवर उभे आहे.

या नियमांनी एक मोठा बदल घडविला. त्यापूर्वी 'नांव', 'कांहीं', 'केलें', 'घरांत' अशा अनेक शब्दांवर, उच्चारात ऐकू न येणारे अनुस्वार देण्याची रीत होती. ते गाळावेत असे ठरले आणि 'नाव', 'काही', 'केले', 'घरात' ही रूपे रूढ झाली. आजच्या यंत्रापुढे १९५० सालचे शालेय पुस्तक ठेवले, तर त्याचे पान तांबड्या रेघांनी भरून जाईल. ते पुस्तक लिहिणारे पंडित अडाणी होते काय? मुळीच नाही. त्यांच्या काळी तेच शुद्ध होते. शुद्धता म्हणजे समाजाने विचारपूर्वक केलेला एक करार होय. करार पाळायचा असतो. पण तो माणसांनी केलेला आहे, याचे भान सुटू द्यायचे नसते.

आता यंत्राकडे वळू. महामंडळ नियम ठरविण्याच्या खटपटीत होते, त्याच सुमारास, १९६१ साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लेस अर्नेस्ट नावाचे संशोधक, हाताने लिहिलेले अक्षर यंत्राला वाचता यावे म्हणून प्रयत्न करीत होते. यंत्राने वाचलेला शब्द खरोखरच शब्द आहे की नाही हे पडताळण्यासाठी त्यांनी दहा हजार इंग्रजी शब्दांची यादी यंत्रात भरली. पुढे १९७१ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांच्याच हाताखाली शिकणाऱ्या राल्फ गोरिन यांनी सामान्य लेखनातील चुका शोधणारा कार्यक्रम रचला. २००६ साली फायरफॉक्स या ब्राउझरने, लिहीत असतानाच चूक दाखविण्याची सोय दिली. आज ती बहुतेक सर्व ब्राउझरांत असते.

या यंत्राची कार्यपद्धती ऐकली म्हणजे तिच्या साधेपणाचे नवल वाटते. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याच्याजवळ असते ती शब्दांची एक मोठी यादी. आपण एक शब्द लिहून मोकळी जागा सोडली, की यंत्र तो शब्द यादीत शोधते. सापडला तर ते गप्प बसते. न सापडला तर त्याखाली तांबडी रेघ ओढते. एवढेच त्याचे काम. त्या शब्दावर जाऊन माउसची उजवी कळ दाबली असता ते काही पर्यायही सुचविते. त्यासाठी ते यादीतील जवळचे शब्द धुंडाळते. एखादे अक्षर वा चिन्ह बदलून, वाढवून, गाळून किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करून कोणता शब्द हाती येतो, हे ते पाहते. जेवढे बदल कमी तेवढा शब्द जवळचा. 'चाळिसगाव' असे लिहिले, तर एकाच वेलांटीच्या बदलाने 'चाळीसगाव' मिळते. म्हणून हे नाव यादीत असल्यास तेच आधी पुढे येईल.

इंग्रजीपुरते हे काम त्या मानाने सोपे आहे; मराठीत मात्र ते बिकट होते. इंग्रजीत 'घर' या अर्थाच्या शब्दाची रूपे अगदी मोजकी. मराठीत घर, घराला, घराने, घरात, घरातून, घरांना, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांनाही अशी एकाच शब्दाची शेकडो रूपे होतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, हा मराठीचा स्वभावच आहे. प्रत्येक रूप यादीत भरू म्हटले, तर यादीला अंत राहणार नाही.

या अडचणीवर तोड निघाली ती युरोपातील हंगेरी देशाच्या भाषेमुळे. हंगेरियन भाषेतही प्रत्यय शब्दाला जोडले जातात. त्या भाषेत 'हाझ' म्हणजे घर आणि 'हाझबन' म्हणजे घरात. लास्लो नेमेत या हंगेरियन गृहस्थांनी अशा भाषांना मानवेल असा शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम तयार केला. त्याचे नाव हनस्पेल. फायरफॉक्स आणि क्रोम हे ब्राउझर त्याचाच उपयोग करतात. हनस्पेलसाठी दोन याद्या कराव्या लागतात. एका यादीत मूळ शब्द असतात. दुसरीत प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो याचे नियम असतात. मूळ शब्दापुढे एक खूण केलेली असते. त्या खुणेवरून कोणता नियम लावायचा ते यंत्राला समजते. अशा रीतीने काही हजार शब्द आणि थोडे नियम यांतून लक्षावधी रूपे ओळखता येतात. मराठीसाठी असा शब्दकोश तयार झालेला असून तो फायरफॉक्सला जोडता येतो.

हे नियम तयार करणाऱ्याला मराठीचे व्याकरण उत्तम यावे लागते. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबाला' ऱ्हस्व. 'चाळीस' दीर्घ, पण 'चाळिसावा' ऱ्हस्व. शेवटून दुसऱ्या अक्षरातील दीर्घ इकार वा उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, असा हा नियम आहे. परंतु संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द त्याला अपवाद आहेत. म्हणून 'शरीर' याचे 'शरीराला' होते, 'शरिराला' होत नाही. कोणता शब्द तत्सम आणि कोणता नाही, हे यंत्राला आपले आपण कळत नाही. कोणीतरी माणसाने बसून प्रत्येक शब्दापुढे योग्य ती खूण केलेली असते. तांबड्या रेघेमागे गुरुजी नसले, तरी अशा कष्टाळू माणसांची विद्या उभी असते. ज्याने 'फूलाला' असे लिहिले, त्याला रेघ दाखवून सावध करणारे यंत्र उपकारकच होय.

असे असले, तरी यंत्राच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिला प्रकार म्हणजे चूक असूनही गप्प बसणे. 'आज बालदीन आहे' यात 'बालदीन' हा शब्द यादीत नसेल तर रेघ येईल. पण 'बाल दीन' असे तोडून लिहिले, तर दोन्ही शब्द यादीत सापडतात आणि यंत्र समाधान मानते. 'आचाऱ्यांना वंदन केले' यावरही रेघ येणार नाही, कारण 'आचारी' हाही चांगला शब्द आहे. 'मुलगी शाळेत गेला' या वाक्यातील प्रत्येक शब्द सुटा पाहता निर्दोष आहे. दोष आहे तो कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळात. तो पकडण्यासाठी शब्दाची नव्हे, तर वाक्याची तपासणी करावी लागते. तिला व्याकरण-तपासणी म्हणतात. ती शुद्धलेखनाच्या तपासणीहून पुष्कळ अवघड आहे, कारण तीत लिंग, वचन, पुरुष आणि शब्दांचा परस्परसंबंध हे सर्व पाहावे लागते. इंग्रजीसाठी तिची सोय चांगली झाली आहे. मराठी लिहिणाऱ्याने मात्र अद्याप आपल्याच व्याकरणज्ञानावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरा प्रकार म्हणजे चूक नसताना रेघ ओढणे. माणसांची आणि गावांची नावे यादीत नसली, की ती चुकीची ठरतात. चाळीसगावातून वाहणारी तितूर नदी एखाद्या शब्दकोशाला ठाऊक नसेल. म्हणून काही ती वाहावयाची थांबत नाही. कधी शब्द बरोबर असतो, पण तो यंत्रात वेगळ्या रीतीने साठविलेला असतो. संगणक अक्षरे साठवितो ती अंकांच्या रूपाने. युनिकोड या जागतिक पद्धतीत 'क' या अक्षराला २३२५ हा अंक दिलेला आहे. 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ्या' मात्र दोन रीतींनी टंकित करता येतो. एका रीतीत त्याचा 'ऱ' २३५३ या अंकाचा असतो. दुसऱ्या रीतीत तो २३५२ या साध्या 'र'पासून, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून घडविलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. त्यांपैकी एकच यादीत असेल, तर दुसऱ्याखाली रेघ येते. याशिवाय, ब्राउझरमध्ये केवळ इंग्रजीचा शब्दकोश निवडलेला असेल आणि मजकूर मराठीत असेल, तर काही ब्राउझरांत शब्दागणिक रेघ दिसते. ज्या परीक्षकाला मराठी येतच नाही, त्याने मराठीची उत्तरपत्रिका तपासावी, तसाच हा प्रकार होय.

खानदेशात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. चाळीसगावच्या परिसरात कितीतरी घरांत अहिराणी बोलली जाते. अहिराणीत मुलीला 'आंडेर' आणि मुलाला 'आंडोर' म्हणतात. 'आहे' या अर्थी 'शे' म्हणतात. 'माझा' या अर्थी 'मना' आणि 'तुझा' या अर्थी 'तुना' म्हणतात. समजा, एखाद्या मुलीला शाळेने घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी लिहून आणावयास सांगितले. ती आजीजवळ बसली, आजीने अहिराणीत गोष्ट सांगितली आणि मुलीने ती जशीच्या तशी टंकित केली. प्रमाण मराठीचा शब्दकोश असलेले यंत्र त्या पानाचे काय करील? 'आंडेर' या शब्दाखाली रेघ येईल, 'तुना' याखाली येईल. गंमत अशी, की 'मना' याखाली मात्र येणार नाही. कारण 'मन' या शब्दाचे संबोधन म्हणून 'मना' हे रूप प्रमाण मराठीतही आहे. म्हणजे यंत्राने जो शब्द नापास केला, तो अज्ञानाने. आणि जो पास केला, तोही अज्ञानानेच.

आता त्या मुलीपुढे दोन मार्ग असतील. पान स्वच्छ दिसावे म्हणून ती एकेक शब्द बदलीत जाईल आणि अखेरीस एकही रेघ उरणार नाही. पण त्या पानावर आजीही उरणार नाही. किंवा ती मनाशी म्हणेल, "हा शब्द आजीचा आहे आणि तो बरोबर आहे. तो माहीत नसणे हा यंत्राच्या यादीचा अपुरेपणा आहे." हा दुसरा मार्गच खरा. खुद्द महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेल्या लेखननियमांतही या गोष्टीला जागा ठेवलेली आहे. एखाद्या पात्राच्या तोंडचे बोलणे लिहिताना ते त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावे. अन्य ठिकाणी नियमांप्रमाणे लिहावे, असे ते नियम सांगतात. जी उदारता नियमांनी दाखविली, ती नियमांच्या नावाने चालणाऱ्या यंत्रापाशी नाही.

या संदर्भात जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १८८० ते १९५१ हा त्यांचा जीवनकाल. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. ती खानदेशातील त्यांच्या घरच्या बोलीत असत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि घरातील आप्त यांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, ती गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. लिहून घेणाऱ्यांनी ती बोली 'सुधारून' ग्रांथिक केली असती, तर शुद्धलेखनाचे नियम पाळले गेले असते; परंतु मराठीचे एक अनमोल धन हरपले असते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. अक्षर न गिरविलेल्या कवयित्रीचे नाव विद्यापीठाला द्यावे, यातच बोलीचे मोल दिसून येते.

म्हणूनच ही तपासणी चालू करणे आणि बंद करणे, या दोन्ही गोष्टी लिहिणाऱ्याच्या हाती असल्या पाहिजेत. आणि तशा त्या आहेतही. क्रोममध्ये 'सेटिंग्ज' उघडून भाषांच्या विभागात गेले असता शुद्धलेखन-तपासणीची कळ दिसते. ती दाबून तपासणी चालू किंवा बंद करता येते. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्येही भाषेच्या भागात, टंकन चालू असताना शुद्धलेखन तपासावे काय, अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यात खूण असली, की तपासणी चालू. खूण काढली, की बंद. एखाद्या ठिकाणापुरतीच ती बंद करावयाची असेल, तर लिहावयाच्या चौकटीत माउसची उजवी कळ दाबून तेथल्या यादीतून तसे करता येते. त्याच यादीतून कोणत्या भाषेचा शब्दकोश वापरावयाचा तेही ठरविता येते. ॲपलच्या संगणकावरील सफारी या ब्राउझरमध्ये संपादनाच्या यादीखाली शब्दतपासणी आणि व्याकरण-तपासणी यांसाठी वेगवेगळे पर्याय आहेत. कधी कधी आपण तपासणी चालू ठेवूनही रेघा दिसत नाहीत. याचे कारण असे, की संकेतस्थळ तयार करणाऱ्यालाही एखाद्या चौकटीपुरती तपासणी बंद ठेवता येते.

बंद करण्यापेक्षाही चांगला असा तिसरा एक मार्ग आहे. रेघ आलेला शब्द बरोबर आहे अशी खात्री असेल, तर उजवी कळ दाबून 'शब्दकोशात भर घाला' अशा अर्थाचा पर्याय निवडावा. मग यंत्र तो शब्द लक्षात ठेवते आणि पुन्हा त्याखाली रेघ ओढीत नाही. 'तितूर', 'आंडेर', आपल्या गावाचे नाव, आपले आडनाव हे सारे यंत्राला अशा रीतीने शिकविता येते. मात्र भर घालण्यापूर्वी तो शब्द कोशात वा जाणत्या माणसाकडे पडताळून पाहावा. चुकीचा शब्द एकदा यादीत शिरला, की त्या चुकीला यंत्र पुढे कधीही हरकत घेणार नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. क्रोममध्ये साधी तपासणी आणि वर्धित तपासणी असे दोन प्रकार आहेत. साध्या तपासणीत शब्दांची यादी आपल्याच संगणकात असते. वर्धित तपासणीत आपण लिहिलेला मजकूर गूगल कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठविला जातो आणि तेथे तो तपासला जातो. ही तपासणी अधिक चांगली होते हे खरे. परंतु आपले शब्द आपल्या घराबाहेर जातात, हेही तितकेच खरे. निबंधाच्या बाबतीत त्यात काही बिघडत नाही. घरगुती पत्र, आजारपणाची हकिगत किंवा खासगी माहितीचा अर्ज लिहिताना मात्र साधी तपासणी ठेवणे, अथवा तपासणीच बंद करणे इष्ट होय.

तेव्हा केव्हा काय करावे? शाळेतील निबंध, मुख्याध्यापकांस अर्ज, कार्यालयास पत्र, असे प्रमाण भाषेतील लेखन करताना मराठीचा शब्दकोश निवडून तपासणी चालू ठेवावी. आजीची गोष्ट, बोलीतील संवाद वा लोकगीत लिहिताना ती बंद करावी. सराव म्हणून शुद्धलेखन लिहितानाही ती बंदच असावी. नाहीतर स्वतःला काय येते आणि काय येत नाही, हे विद्यार्थ्याला कधीच समजावयाचे नाही. तपासणी चालू असली, तरी संपूर्ण लेखन शेवटी एकदा स्वतः वाचावे. 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद ओळखणारा डोळा माणसालाच मिळालेला आहे.

रेघ दिसताच निमूटपणे शब्द बदलणे हे आळसाचे लक्षण, आणि तिच्याकडे सदैव काणाडोळा करणे हे बेफिकिरीचे लक्षण होय. रेघ दिसली, की क्षणभर थांबावे, कोश उघडावा, नियम आठवावा आणि मग निर्णय घ्यावा. तांबडी रेघ हा एक प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा आहे. आणि जो अभ्यास करतो, त्यालाच तो अधिकार शोभतो.

स्वाध्याय

१. यंत्र शब्दाखाली तांबडी रेघ केव्हा ओढते, ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. मराठीसाठी शब्दांची नुसती यादी का पुरत नाही? 'झाड' या शब्दाची दहा रूपे लिहून उत्तर स्पष्ट करा.

३. पुढील शब्दांना 'ला' हा प्रत्यय लावून रूपे लिहा व ऱ्हस्व-दीर्घातील बदल पाहा : मूल, वकील, शरीर, फूल, गरीब.

४. चूक असूनही यंत्र गप्प बसेल, अशी तीन वाक्ये तयार करा आणि त्यांतील दोष सांगा.

५. 'मना' या शब्दाखाली रेघ येत नाही आणि 'आंडेर' या शब्दाखाली येते. दोन्ही वेळा यंत्राचे अज्ञानच कसे दिसते?

६. घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या बोलीतील दहा शब्द अर्थांसह मिळवा आणि त्यांच्या उच्चाराप्रमाणे वहीत लिहा.